डावीकडचा दुसरा दात

मंगळवारी दुपारी दादाने सवयीप्रमाणे माफी मागितली, पण या वेळी नेमकी नको तिथे.

फोनच्या पडद्यावर समुद्रापलीकडच्या देशातली मालकीणबाई होती. साखळीला अडकवलेला चष्मा गळ्यात, मागे पांढऱ्या कोटातली चार-पाच माणसं वाकून काम करतायत. तिचा दातांच्या कवळ्या बनवायचा कारखाना होता आणि तिला एक कारागीर हवा होता. दादाने पाठवलेले आठ कवळ्यांचे फोटो तिने समोर मांडून ठेवले होते. ती विचारायची, आणि दादाशेजारी स्टुलावर बसलेली, निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थेतली बाई ते आपल्या भाषेत सांगायची.

"त्या विचारतायत, वरच्या ओळीत मधल्या रेघेपासून डावीकडचा दुसरा दात जरासा आत वळलाय. तो तसा का?"

बारा वर्षं दादा कवळ्यांचे डबे घेऊन दवाखाने हिंडत होता. दाताबद्दल कुणी 'का' विचारलं की ती तक्रारच असते, आणि तक्रार वाढायच्या आत नमतं घ्यायचं असतं, हे त्याला तिथे शिकायला मिळालं होतं.

"चुकून झालं, बाई. हात सरकला असेल. माफ करा, सुधारून देतो."

मालकीणबाईने चष्मा डोळ्यांवर चढवला. "आठही कवळ्यांत हात सरकला? तेवढाच? त्याच बाजूला?"

दादाची दातखिळी बसली.

"सरळ रांगेत दात लावणारे माझ्याकडे पाच जण आहेत," ती म्हणाली. "या एका दातासाठी मी तुम्हाला निवडलं होतं. असं करा, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता माझ्यासमोर बसून एक ओळ लावून दाखवा."

पडदा काळा झाला. दादाने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिथे त्याची बहीण बेबी स्पिरिटच्या दिव्यावर मेणाची सुरी गरम करत होती. सदतीस वर्षांची झाली तरी घरात तिला बेबीच म्हणत. तिने मान वर केली नाही. आठही कवळ्यांतले दात तिने लावले होते.

हा घोळ कुणा एकाने घातलेला नव्हता. तेवीस वर्षांपूर्वी त्यांचे वडील, आबा, दोन पोरांना घेऊन सीमा ओलांडून या देशात आले ते एका पिशवीत हत्यारं घेऊन. घराला मिळून निर्वासितांचं एक कार्ड मिळालं, पण काम करायचा परवाना मिळायला पुढे अकरा वर्षं गेली, आणि तोही एका कार्डावर एकच. तोवर आबांचे हात थरथरायला लागले होते आणि टेबलाशी बेबी बसत होती. पण दवाखान्यात जाणार, डॉक्टरांशी बोलणार दादा. मग परवान्यावर त्याचंच नाव घातलं. त्या दिवशी ते सगळ्यांना इतकं साधं वाटलं होतं की कुणी दुसऱ्यांदा विचारही केला नाही. बेबीनेसुद्धा नाही.

दादाच्या नजरेवरून संस्थेतल्या बाईला मात्र हे आज, आत्ता कळत होतं. ती पुढ्यातले कागद गोळा करायची थांबली.

"म्हणजे हे दात तुम्ही लावत नाही?"

"साचे मीच ओततो," दादा म्हणाला. "घासणं, चकाकी आणणं, सगळं. फक्त दात लावणं..."

"फक्त!" आबा खाटेवरून बोलले. "लग्नात सगळं केलं, फक्त नवरी नव्हती."

दादाची मुलगी चिऊ फसकन हसली आणि आईच्या नजरेने गप्प झाली.

खोली लहान होती. खाली धोब्याची यंत्रं घरघरत असत आणि त्यांच्या उबेने भिंतीवर लावून ठेवलेले प्लास्टरचे जबडे लवकर वाळत. त्या जबड्यांच्या खालीच सगळे जमले होते. आबा खाटेवर, दादाची बायको, म्हणजे वहिनी, दाराशी, चिऊ खिडकीत आणि दोघं भावंडं टेबलाच्या दोन टोकांना.

"आता खरं काय ते बघू," बाई म्हणाली. चिडणं तिच्या कामात बसत नसावं. "तुमचं नाव दुसऱ्या देशात पुनर्वसनाच्या यादीत एकोणीस वर्षं आहे. ती यादी हलणार नाही. ज्याला जास्त धोका त्याला आधी, असा नियम आहे. तुम्ही धडधाकट आहात, हीच तुमची अडचण. म्हणून मी ही दुसरी वाट काढली. कामाचा व्हिसा. हातात कसब असलेल्या निर्वासिताला तिकडचा मालक रीतसर नोकरीवर बोलावतो. त्याच्याबरोबर नवरा किंवा बायको आणि अठरा वर्षांच्या आतली मुलं जातात. आई, बाप, भाऊ, बहीण नाही."

हे वहिनीला पाठ होतं. चिऊला अठरा पूर्ण व्हायला दहा महिने होते आणि कागदपत्रं व्हायला आठ लागतात. गेला महिनाभर ती या दोन महिन्यांच्या फटीतून मुलीला पलीकडे ढकलत होती. दादा गेला तर तिघंही जात होते. बेबी गेली तर एकटी बेबी.

"शुक्रवारी बेबीनंच बसायचं," वहिनी म्हणाली. "पण ह्यांच्या शर्टात. बोलताना ह्यांचं तोंड दाखवायचं, मग फोन खाली करायचा. दिसणार काय? दोन हातच ना?"

"आणि हातावरचे केस?" चिऊने विचारलं. "ते कुठून आणायचे?"

"हातमोजे घालेल."

"मोजे घालून मेण लागतं का कुठे?" बेबी पहिल्यांदाच बोलली. तिचा आवाज शांत होता. "आणि वहिनी, तिकडे पोचल्यावर काय? मी रोज इथून दादाच्या बाहीतून हात काढू?"

"तिकडे गेल्यावर शिकतील ते. माणूस गळ्याशी आलं की शिकतो."

"मी हे ऐकलं नाही असं समजते," बाई म्हणाली. "पण असं केलंत तर पहिल्या आठवड्यात त्यांना परत पाठवतील आणि पुढे ही वाट या घराला कायमची बंद. खरं तर या नोकरीवर बेबीताईंचाच हक्क आहे. फक्त त्यांच्याजवळ कामाचा एकही पुरावा नाही. कागदावर त्यांनी आजवर काडीचं काम केलेलं नाही."

"मग?"

"मग यांनी लिहून द्यायचं." बाईने दादाकडे पाहिलं. "की माझ्या परवान्यावर जे काम झालं ते माझ्या बहिणीनं केलं. पत्र तिकडच्या कचेरीत जाईल. इकडे मी ते कुणाला दाखवणार नाही. पण कागद हा कागद असतो. उद्या इकडच्या लोकांच्या हाती लागला तर तुमचा परवाना जाऊ शकतो. हे मी आजच सांगून ठेवते."

खाली यंत्र थांबलं.

"म्हणजे मुलीची वाट बंद, ह्यांचा परवाना टांगणीला, आणि दात लावणारी परदेशात," वहिनी म्हणाली. "आम्ही इथं काय खायचं? प्लास्टर?"

"आठ महिने आहेत," बेबी म्हणाली. "तेवढ्यात मी दादाला दात लावायला शिकवते."

"या वयात?" दादा म्हणाला.

"माणूस गळ्याशी आलं की शिकतो. वहिनी आत्ताच म्हणाली."

आबा खाटेवर हसले, आणि तेच वहिनीला झोंबलं. सासऱ्याने आजवर तिची बाजू घेतली नाही असं झालं नव्हतं, आज मात्र ते सरळ लेकीकडे झुकले होते.

"आणखी एक गोष्ट," बाई म्हणाली. "तिकडच्या पाच माणसांनी मिळून सह्या केल्या तर ती एखाद्या कुटुंबाला नाव घेऊन बोलावू शकतात. पहिलं वर्ष त्या पाच जणांनी सांभाळायचं. बेबीताई तिकडे असल्या तर अशी माणसं शोधू शकतील. वेळ लागेल. दोन वर्षं, तीन वर्षं. खात्री मी देत नाही."

"मी शोधीन," बेबी म्हणाली.

"तू शोधशील!" वहिनीचा तोल गेला. "तिकडे गेल्यावर कोण कुणाचं? तुला काय गं, ना मूल ना बाळ. पिशवी उचलायची नि निघायचं."

बेबीने सुरी खाली ठेवली, दिवा विझवला आणि उठून आतल्या खोलीत गेली. तिने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"मला तुमच्या कुणाच्या शेपटाला धरून जायचंच नाहीये," चिऊ म्हणाली. "मी तिकडच्या कॉलेजच्या जागेसाठी अर्ज करणार आहे. निर्वासितांसाठी तशा जागा असतात. विचारा यांना."

"असतात," बाई म्हणाली. "हजारांत पाच-सहा जणांना मिळतात."

"मग पाच-सहा जणांना मिळतात ना!"

"शुक्रवारी मी साडेदहाला येते," बाई उठत म्हणाली. "त्या खुर्चीत कोण बसणार ते तुम्ही ठरवा."

बुधवारी सकाळी घरात कुणी कुणाशी कामापुरतंही बोललं नाही. दादा डबे घेऊन बाहेर पडला तो तीन दवाखाने करून आला. तिसऱ्या दवाखान्यातला डॉक्टर खुशीत होता. त्याच्या एका पेशंटबाईला तिच्या सख्ख्या बहिणीनेही नवे दात ओळखले नव्हते. "दातवाले," डॉक्टर म्हणाला, "हातात जादू आहे तुमच्या." असं त्याने पूर्वीही म्हटलं होतं आणि दादाने पूर्वीही ते हसून घेतलं होतं. लबाडी म्हणून नाही. बारा वर्षं ऐकून ऐकून त्याला ते थोडं खरं वाटायला लागलं होतं. पावसापाण्यात डबे त्यानेच पोचवले होते, बोलणी त्यानेच खाल्ली होती. घरातली जादू एका माणसाची नसते, असं तो मनाशी म्हणे. आज मात्र त्याला त्या डॉक्टरच्या तोंडाकडे बघवेना.

घरी आला तर टेबल मोकळं होतं. त्याने एक जबडा घेतला, मेण मऊ केलं आणि दात लावायला बसला. मधले दोन बरे बसले. तिसरा लावताना पहिला हलला. पहिला नीट केला तर दुसरा मेणात रुतला. तासाभराने ओळ पुरी झाली तेव्हा ती बघून त्यालाच हसू आलं. भांडून उठलेल्या माणसांसारखी दिसत होती.

"मेण फार तापवतोस," आबा खाटेवरून म्हणाले. "आणि दाबतोस. दात दाबायचा नसतो, त्याला जागा द्यायची असते."

"आबा, तो दात ती तसा का लावते?"

आबांनी छताकडे पाहिलं. बेबीने पहिली कवळी केली त्या दिवशीच त्यांच्या लक्षात आलं होतं. ती हातात घेऊन ते बराच वेळ बसले होते, आणि मग काही न बोलता परत दिली होती. पुढे आपले हात थरथरू लागले याचं त्यांना दुःख झालं तेवढंच समाधानही झालं होतं, कारण टेबल तिच्याकडे गेलं.

"तिलाच विचार," ते म्हणाले.

दादाने विचारलं नाही. गुरुवारी संध्याकाळी मात्र त्याने बेबीसमोर एक स्वच्छ साचा आणून ठेवला. "तू बस उद्या. फोन मी धरतो. पत्राचं नंतर बघू. आधी परीक्षा तर होऊ दे."

वहिनीने ऐकलं. ती पीठ मळत होती. पीठ नेहमीपेक्षा जास्त मळलं गेलं.

शुक्रवारी अकराला पडदा उजळला. मालकीणबाईने खुर्चीतल्या बेबीला पाहिलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. संस्थेतल्या बाईने दोन वाक्यांत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग मालकीणबाईने फक्त हाताने खूण केली: करा सुरू.

दादा टेबलाशी उभा होता. कोपर छातीशी घट्ट, फोन दोन्ही हातांत. पडद्यावर बहिणीचे हात होते. हे हात त्याने रोज पाहिले होते, पण इतक्या जवळून, इतका वेळ कधी नाही. डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग होता. ती दात उचलायची, उजेडाकडे धरायची, मेणात ठेवायची, सुरीचं गरम टोक मुळाशी एकदाच फिरवायची. कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही. वहिनी आतल्या दारात येऊन उभी राहिली. मधले दोन बसले. मग तिसरा. तो ठेवून तिने करंगळीच्या नखाने त्याला किंचित आत वळवलं.

"थांबा," मालकीणबाई म्हणाली. "आता सांगा. का?"

बेबीने मान वर केली नाही. "माझ्या आईचा तसा होता."

संस्थेतल्या बाईने ते पलीकडे सांगितलं.

"ती गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिचा एक फोटो होता, तो घर सोडताना मागे राहिला. मला तिचा चेहरा नीट आठवत नाही. हसताना हा एक दात दिसायचा, तेवढं आठवतं. तो विसरू नये म्हणून लावते. लोकांनाही तो बरा दिसतो. सगळे दात रांगेत असले की ते विकत आणलेले कळतात."

दादा बारा वर्षांचा होता आई गेली तेव्हा. त्याला तिचा चेहरा आठवत होता, आवाज आठवत होता, ओरडणंसुद्धा. तो दात मात्र त्याला आत्ता आठवला, एकदम आणि लख्ख. बारा वर्षं तो आईचा दात डब्यात घालून गावभर पोचवत होता, आणि मंगळवारी त्याने त्याच दाताबद्दल माफी मागितली होती.

"कॅमेरा हलतोय," पलीकडून आवाज आला.

"माझा भाऊ धरून उभा आहे," बेबी म्हणाली. "आत्ता होईल स्थिर." आणि चौथा दात उचलला.

ओळ पूर्ण व्हायला तास लागला. मालकीणबाईने ती पुढून, मागून, खालून बघितली. मग ती संस्थेतल्या बाईशी बराच वेळ बोलली.

"त्या नोकरी देतायत," बाई म्हणाली. "पण तिकडच्या कचेरीला कामाच्या अनुभवाचं पत्र सोमवारपर्यंत हवं. त्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही."

बेबी दादाकडे बघत नव्हती. ती सुरीवरचं मेण पुसत होती, पुसून झालं तरी पुसत होती. वहिनी आत निघून गेली, आणि दादाला वाटलं, झालं, हिचं उत्तर मिळालं. त्याने टेबलावरचा पसारा हाताने बाजूला सारला, कागद ओढला आणि खिसे चाचपले. पेन नव्हतं.

वहिनी परत आली ती पेन घेऊन. तिने ते नवऱ्यासमोर ठेवलं आणि त्याच्या खांद्यामागे उभी राहिली.

दादा लिहायला लागला. त्याचं अक्षर वाईट होतं, त्यामुळे तो सावकाश लिहीत होता. माझ्या परवान्यावर या घरात कवळ्यांचं जे काम झालं, त्यातले सर्व दात माझ्या धाकट्या बहिणीने लावले आहेत. ती हे काम बारा वर्षं करत आहे.

"चौदा," वहिनी म्हणाली.

दादाने वर पाहिलं. "परवाना बारा वर्षांपूर्वी मिळाला. त्याआधीचं लिहिलं तर विनापरवाना काम केलं असा अर्थ होतो. उगाच आणखी..."

"चिऊ तीन वर्षांची होती," वहिनी म्हणाली. ती नवऱ्याशी बोलत होती, पण डोळे नणंदेकडे होते. "अंगात ताप होता तिच्या, मला मांडीवरून खाली ठेवू देत नव्हती. आणि ही इथं, या टेबलाशी, आबांची अर्धी राहिलेली ओळ पुरी करत बसली होती. एका हातानं मेण लावत होती आणि दुसऱ्या हातानं माझ्या पोरीच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. तेव्हापासून मोजते मी. चौदा झाली."

बेबीच्या हातातली सुरी थांबली.

"खरं लिहायचंच असेल तर अर्धं कशाला?" वहिनी म्हणाली. "लिहा."

दादाने बारा खोडलं, वर चौदा लिहिलं आणि खाली आपली सही केली.